सुधाकर पेला का उचलतो?

नाटकातले पात्र खोटे असते हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असते. समोरचा म्हातारा मुळात म्हातारा नाही, पेल्यात दारूऐवजी रंगीत पाणी आहे आणि मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठून चहा पिणार आहे, यातले काहीच त्याच्यापासून लपवलेले नसते. तरीही एखाद्या प्रयोगात अडीच-तीन तास या सगळ्याचा विसर पडतो. एखाद्या प्रयोगात मात्र पहिल्या वाक्यापासून नट अभिनय करत असल्याचेच दिसत राहते. हा फरक नटाच्या रूपात, आवाजात किंवा भावनेच्या उमाळ्यात शोधायची सवय जुनी आहे. बहुतेक वेळा तो त्याहून साध्या गोष्टीत सापडतो. रंगमंचावरचा माणूस जे करतो ते त्याला का करावेसे वाटले, याचे उत्तर नटाजवळ असते किंवा नसते. प्रेक्षकाला हे उत्तर सांगता येणार नाही, पण ते नटाजवळ नसले तर त्याला बरोबर कळते.

खरे वाटणे आणि खरे असणे यांची गल्लत येथे करून चालत नाही. घरातला माणूस बोलतो तसेच नट बोलू लागला, तर चौथ्या रांगेपलीकडे काही पोचणार नाही. घरातल्या माणसाच्या मनातले त्याच्या पाठीवरून ओळखावे लागते. नटाला ते शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचे असते, आणि उद्याच्या प्रयोगात पुन्हा न्यायचे असते. म्हणून नटाचे बोलणे-चालणे आयुष्यातल्यापेक्षा मोठे असणारच. मोठे करताना त्यामागचे कारण हरवले की तो नाटकीपणा होतो. कारण शाबूत असेल, तर केवढाही मोठा आवाज आणि केवढाही मोठा हातवारा चालून जातो.

अभिनयविद्येचा विचार भारतात फार पूर्वी झाला. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. पहिला शरीराचा, दुसरा वाणीचा आणि तिसरा वेषभूषा-रंगभूषेचा. चौथा सर्वांत अवघड. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव म्हणजे हुकमाने न होणाऱ्या गोष्टी. हात उचल म्हटले की उचलता येतो. घाम फूट म्हटल्याने फुटत नाही. मन एकाग्र झाले की या गोष्टी घडतात, असे शास्त्रकाराचे म्हणणे. जे हुकमाने येत नाही ते रोज रात्री ठरल्या वेळी कसे आणायचे, या एका प्रश्नाभोवती पुढच्या काळातले अभिनयाविषयीचे बहुतेक वाद फिरले आहेत.

फ्रान्समध्ये देनी दिदेरोने 1770च्या दशकात या प्रश्नाला उलटे उत्तर दिले. हे उत्तर मांडणारा त्याचा ग्रंथ छापून आला 1830 मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर. मोठा नट स्वतः काही अनुभवत नाही, तो थंड डोक्याने भावनेची बाह्य चिन्हे तंतोतंत उभी करतो, असे त्याचे मत. पुराव्यादाखल त्याने इंग्लिश नट डेव्हिड गॅरिकची गोष्ट दिली आहे. गॅरिकने दाराच्या दोन फळ्यांमधून फक्त डोके बाहेर काढले आणि चार-पाच सेकंदांत वेड्या आनंदापासून भय आणि निराशेपर्यंत चेहऱ्यावर सारे उमटवून तो पुन्हा आनंदावर आला. एवढ्या वेळात एवढ्या भावना कोणी अनुभवू शकत नाही, म्हणजे हे कसब आहे, असा दिदेरोचा निष्कर्ष. मराठीत या वादाला जोडता येईल अशी घटना 1911 सालची आहे. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि त्याच रात्री त्यांनी भामिनी उभी केली. ही घटना नेहमी निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तेवढाच तो कसबाचाही दाखला आहे. पोटात दुःख असताना एका मानी, लाडावलेल्या श्रीमंत मुलीचा तोरा ज्याच्या अंगात तयार होता, त्याने तो तोरा मनःस्थितीच्या भरवशावर नक्कीच सोडलेला नव्हता.

भावना आणि कसब या दोन टोकांमधून वाट काढायचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न रशियाच्या कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्कीने केला. 1863 मध्ये जन्मलेल्या या नट-दिग्दर्शकाने 1898 मध्ये नेमिरोविच-दान्चेन्कोबरोबर मॉस्को आर्ट थिएटरची स्थापना केली. 1900 मध्ये इब्सेनच्या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन त्याने केला आणि ती भूमिका गाजली. सहा वर्षांनी, युरोपचा दौरा आटोपून फिनलंडमध्ये विश्रांती घेत असताना, त्याच्या लक्षात आले की स्टॉकमनच्या हालचाली सगळ्या जागच्या जागी आहेत. चाल तीच, बोटांची लकब तीच, पण आतला माणूस केव्हाच निघून गेला आहे. टाळ्या कमी झाल्या नव्हत्या. अपयश आलेला नट सुधारायला बघतो यात नवल नाही. यश मिळत असताना आपली भूमिका पोकळ झाल्याचे स्वतःच ओळखणे दुर्मिळ. पुढची तीसेक वर्षे त्याने याच दुखण्यावर इलाज शोधण्यात घालवली. त्याचे ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ हे पुस्तक इंग्रजीत 1936 मध्ये आले आणि ते के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने मराठीत आणले. आज नाट्यशिबिरात शिकवणारा, ज्याने हे पुस्तक उघडूनही पाहिलेले नाही असा दिग्दर्शकसुद्धा बोलतो ते बहुतांशी त्याचेच.

त्या पद्धतीचा गाभा समजून घ्यायला मराठी वाचकाच्या ओळखीचे पात्र घ्यावे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा गणपतराव बोडस सुधाकर झाले होते आणि बालगंधर्व सिंधू. सुधाकर हुशार वकील, स्वाभिमानी आणि तापट. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, भर कोर्टात अपमान होतो. त्याचा कारकून तळीराम दुःख विसरायचा उपाय म्हणून पहिला पेला पुढे करतो. येथून संसाराची राखरांगोळी सुरू होते.

कच्चा नट या प्रवेशात दुःख दाखवतो. खांदे पडतात, आवाज कापतो, कपाळावर हात जातो. प्रेक्षकाला दुःख दिसते, सुधाकर दिसत नाही, कारण हेच खांदे आणि हाच हात कोणत्याही नाटकातल्या कोणत्याही दुःखी माणसाला चालला असता. स्तानिस्लाव्हस्कीचा सल्ला असा की भावनेकडे सरळ जायचेच नाही, आधी परिस्थितीकडे जायचे. सुधाकर या खोलीत येण्यापूर्वी कुठे होता? कोर्टातून घरी येताना रस्त्यात कोणी भेटले का, आणि त्याने ओळख दाखवली की मान फिरवली? घरात आत्ता कोण आहे? पोटात काही आहे का? तळीराम त्याचा नोकर. नोकरासमोर कमीपणा आला याची बोच त्याला किती आहे? काही उत्तरे संहितेत मिळतात, आणि संहिता चार-पाचदा वाचल्याशिवाय ती सगळी हाती लागत नाहीत. उरलेली नटाने कल्पनेने भरायची, मात्र संहितेला बाध न येईल अशी. मग स्वतःला विचारायचे, मी या ठिकाणी असतो तर काय केले असते? ‘मी सुधाकर आहे’ असे मनाला पटवत बसण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी प्रामाणिक आहे. त्यात वेड पांघरावे लागत नाही, फक्त विचार करावा लागतो.

पुढची पायरी पात्राच्या हेतूची. या प्रवेशात सुधाकरला काय हवे आहे? ‘दुःख विसरायचे आहे’ हे उत्तर चुकीचे नाही, पण नटाच्या कामाचे नाही, कारण विसरणे ही करता येण्याजोगी गोष्ट नाही. ‘आपण खचलेलो नाही हे तळीरामाला दाखवायचे आहे’ असे उत्तर घेतले की नटाच्या हाताला काम मिळते. तो ताठ बसेल. पेल्याकडे मुद्दाम पाहणार नाही. तळीरामाचे बोलणे हसण्यावारी नेईल. आणि याच ताठपणापोटी, एका पेल्याने आपले काय वाकडे होणार या घमेंडीत, पेला उचलेल. म्हणजे ज्या स्वाभिमानामुळे त्याने मुन्सफाला उलट उत्तर दिले त्याच स्वाभिमानाने तो पेल्यापर्यंत येतो. हा अर्थ एकमेव नव्हे. दुसरा नट दुसरा हेतू धरेल आणि त्याचा सुधाकर वेगळा होईल. दोघांचाही खरा वाटू शकतो. हेतूच न धरणाऱ्याचा वाटणार नाही. हेतू क्रियापदात सांगता आला पाहिजे ही चाचणी म्हणूनच तालमीत उपयोगी पडते: पटवायचे आहे, टाळायचे आहे, माफी काढून घ्यायची आहे. ‘मी चिडलेला आहे’ असे नट सांगू लागला की दिग्दर्शकाने समजावे, अजून काम व्हायचे आहे.

याच नाटकात दारुड्याचे सोंग हा स्वतंत्र धडा आहे. झिंगलेला माणूस रंगवताना नवशिके झोकांड्या खातात, जीभ जड करतात. खरा झिंगलेला माणूस झोकांडी खायला निघालेला नसतो. तो सरळ चालायचा आटोकाट प्रयत्न करत असतो. उंबरठा ओलांडताना पाऊल गरजेपेक्षा वर उचलतो, शब्द जास्तच स्पष्ट उच्चारतो, खुर्ची कुठे आहे याची आधी डोळ्यांनी खात्री करून मग बसतो. नटाने शुद्धीत असल्याचे दाखवायचा प्रयत्न रंगवला आणि तो जरासा फसू दिला, की नशा प्रेक्षकाला आपोआप दिसते. तळीराम आणि सुधाकर दोघेही पितात, पण तळीराम पिण्याचा थाट मिरवतो आणि सुधाकर बराच काळ आपल्याला चढलेली नाही असे समजून बोलतो. दोघांची दारू एकसारखी दिसली तर पात्रांचा अभ्यास झालेला नाही असे खुशाल म्हणावे.

हेतू कळला तरी पात्र ते उघड बोलेलच असे नाही. संवादाखाली वाहणारा दुसरा संवाद वाचता येणे ही आधुनिक नाटकाची मुख्य मागणी आहे. 1967 मध्ये रंगायनने आणलेल्या तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लीला बेणारे सुरुवातीला थट्टा करते, गुणगुणते, सोबतच्यांची खिल्ली उडवते. वेळ घालवायला म्हणून खेळातला खटला सुरू होतो, आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा, आणि तो खेळ हळूहळू तिच्या खऱ्या आयुष्यावर नेम धरतो. ही भूमिका प्रथम सुलभा देशपांडे यांनी केली, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे. बेणारे करणाऱ्या नटीपुढची अडचण अशी की शेवट तिला पहिल्या क्षणापासून माहीत असतो. ती सुरुवातीपासूनच दुःखाची सावली चेहऱ्यावर घेऊन वावरली तर नाटक पहिल्या अंकातच संपले. बेणारेला आज छान वेळ घालवायचा आहे, हेच तेव्हाचे सत्य. मनातले झाकायला ती जरा जास्त हसते, एवढेच. अखेरच्या प्रदीर्घ स्वगतात बाकीची पात्रे जागच्या जागी गोठतात आणि ती एकटी बोलते. ते स्वगत परिणाम करते ते आधी झाकलेल्या गोष्टींच्या जोरावर. आधी काही झाकलेच नसेल, तर ते स्वगत म्हणजे नुसते पल्लेदार भाषण.

आतून बाहेर येण्याची ही वाट झाली. बाहेरून आत जाणारी वाटही तितकीच खरी आहे. गमतीची गोष्ट अशी की स्तानिस्लाव्हस्कीने दोन्हींवर लिहिले, पण शरीर, आवाज आणि लकबी यांचा विचार करणारे दुसरे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1949 मध्ये इंग्रजीत आले. मधल्या तेरा वर्षांत त्याचे नाव केवळ भावनेशी जोडले गेले. अमेरिकेत ली स्ट्रासबर्गने नटाच्या खासगी आठवणी उकरून त्यातून रंगमंचावरची भावना काढण्याचा मार्ग उचलून धरला: पात्राचे मूल गेले असेल तर नटाने आपल्या घरातला मृत्यू आठवावा. अमेरिकी नटी स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला खुद्द स्तानिस्लाव्हस्कीला भेटली आणि परत येऊन तिने सांगितले की आता त्याचा भर आठवणींपेक्षा नाटकातली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. तरी आठवणींच्या मार्गाला दोन व्यावहारिक दोष आहेत. एक, रोज उगाळलेली आठवण बोथट होते. दुसरा दोष अधिक वाईट: स्वतःच्या दुःखात बुडालेला नट समोरच्या पात्राकडे पाहायचे विसरतो. प्रेक्षक नटाला रडताना पाहतो आणि सुधाकरचे काय झाले हे त्याला कळतच नाही.

बाहेरच्या वाटेवर पहिली गोष्ट म्हणजे शरीर. वय रंगवण्याचेच उदाहरण घेता येईल. 1970 च्या डिसेंबरात गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनात ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणले, तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर करणारे डॉ. श्रीराम लागू त्रेचाळीस वर्षांचे होते. पाठीत पोक, हातात काठी, थरथरता आवाज हा वार्धक्याचा बाजारी संच. वृद्ध माणूस वृद्ध दिसायला धडपडत नसतो. त्याची धडपड कालच्यासारखे वावरायची असते आणि शरीर मध्येच आडवे येते. खुर्चीवर बसताना त्याचा हात आधी खुर्चीचा दांडा शोधतो, वजन त्या हातावर जाते, गुडघे मग वाकतात आणि शेवटचे दोन इंच तो स्वतःला सोडून देतो. उठताना हाच क्रम उलटा, आणि उठल्यावर क्षणभर थांबणे, कारण पायांवर विश्वास बसायला वेळ लागतो. हा क्रम एकदा अंगात मुरला की नटाला ‘मी म्हातारा आहे’ हे आठवावे लागत नाही. आवाज थरथरवायचीही गरज उरत नाही. श्वास दोन वाक्यांऐवजी एका वाक्यापुरताच पुरवला की काम होते.

बेलवलकरांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हे पात्र स्वतःच नट आहे. आयुष्यभर मोठ्या भूमिका केलेल्या माणसाचे घरातले बोलणेही रंगमंचावरचे होते. दुखावल्यावर त्याच्या तोंडून जुन्या नाटकांतल्या भूमिका बोलू लागतात. इतर नाटकात जी शब्दफेक कृत्रिम ठरली असती, ती येथे या माणसाचा स्वभावच आहे. पण मग पुढचा प्रश्न येतो: तो नाटकी केव्हा असतो आणि साधा केव्हा? ‘सरकार’शी, म्हणजे बायकोशी, एकांतात बोलताना त्याची पट्टी कोणती? ही सीमारेषा न सापडलेला बेलवलकर अडीच तास गरजत राहतो. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा वेगवेगळ्या पिंडांच्या नटांनी ही भूमिका केली. शब्द तेच असून बेलवलकर प्रत्येकाचा वेगळा झाला, यात नवल काही नाही.

बाहेरून घडवलेल्या पात्रांचा कस पाहायचा तर ‘तो मी नव्हेच’ आठवावे. अत्र्यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग 1962 मध्ये झाला आणि प्रभाकर पणशीकरांनी पुढे हजारो प्रयोगांतून एकाच नाटकात पाच रूपे घेतली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज आणि दाजीशास्त्री दातार. फिरत्या रंगमंचामुळे दृश्ये झपाट्याने बदलत आणि वेष बदलायला मिळणारा वेळ अगदी थोडा असे. पण वेष, बोलीची ढब आणि चाल बदलली की पाच पात्रे झाली, असा हिशोब केला तर भूमिका फसते. येथे माणूस एकच आहे आणि तो पाच सोंगे घेतो. म्हणजे प्रत्येक सोंग फसणाऱ्या बाईला संपूर्ण खरे वाटले पाहिजे आणि त्याच वेळी प्रेक्षकाला पाचही सोंगांत तोच लबाड डोळा दिसला पाहिजे. कोर्टात स्वतःची बाजू स्वतःच मांडणारा लखोबा आपण तो नव्हेच असे ज्या निरागसपणे सांगतो, ती निरागसता नटाने शंभर टक्के खरी केली तरच हशा येतो. लबाडी दाखवायची नसते, करायची असते. याच जातीची कसरत लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे करत, बावन्न पात्रे एका देहात. तेथे प्रत्येक पात्राला मिळतात काही क्षण. मानेचा एक कोन, आवाजाची एक जागा, नजरेची एक उंची एवढ्यावर माणूस उभा राहिला पाहिजे. समोरचे अदृश्य पात्र बुटके की उंच, हे केवळ डोळे कुठे रोखले आहेत यावरून कळते.

मायकेल चेखॉव्ह या नट-शिक्षकाने (थोर नाटककार चेखॉव्हचा हा पुतण्या) शरीराकडून पात्राकडे जायची एक सोपी युक्ती सांगितली आहे. पात्राचे केंद्र शरीरात कुठे आहे ते कल्पनेने ठरवायचे. छातीत केंद्र असलेला माणूस छाती पुढे करून चालतो, नाकाच्या शेंड्यावर असलेला जिकडेतिकडे नाक खुपसतो, पोटात असलेला सावकाश, खुशालचेंडू. युक्ती बाळबोध वाटते, पण तालमीत करून पाहिली की दहा मिनिटांत चाल बदललेली दिसते आणि चालीबरोबर बोलण्याची गतीही. वेष आणि वस्तू यांचेही तसेच. भूमिकेतल्या वहाणा, पगडी, नऊवारी किंवा चष्मा रंगीत तालमीच्या दिवशी प्रथम हातात आला तर नट प्रयोगभर तो सांभाळत राहतो. नऊवारीतले पाऊल आणि पँटमधले पाऊल वेगळे पडते; पहिल्या आठवड्यापासून वहाणा घालून तालीम करणाऱ्याला ते शिकवावे लागत नाही.

वाचिक अभिनयात मराठी नटाला बोलींचे मोठे भांडार मिळालेले आहे आणि तेच भांडार त्याला आळशीही बनवते. ‘न’ला ‘ण’ केला, दोन शब्द बदलले, की गावाकडचा माणूस झाला, असा समज फार पसरलेला आहे. बोली म्हणजे सुरावट, श्वास आणि बोलण्याचा वेग. कोल्हापूरचा माणूस वाक्य जेथे उचलतो तेथे नागपूरचा उचलत नाही, आणि मालवणीचा हेल वेगळाच. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त (1975) भक्ती बर्वे यांच्या मंजुळेपुढे याहून बिकट काम होते: एका बोलीतून दुसरीकडे जातानाचा मधला टप्पा, जेव्हा उच्चार नवे आहेत आणि माणूस जुनाच. हसू त्या फटीतून येते. बोली नुसती पाठ करणाऱ्या नटीला ही फट दाखवता येत नाही, कारण तिच्या मंजुळेला आधीचे आयुष्यच नसते. आवाज लहान ठेवूनही पात्र किती मोठे करता येते, हे पाहायला ‘सखाराम बाइंडर’मधले निळू फुले आठवावेत. सखारामासारखा दांडगट माणूस ओरडण्यातूनच उभा करावा लागतो असे नाही.

एवढे सगळे साधूनही एकट्या नटाला पात्र उभे करता येत नाही. राजा हा राजासारखे चालल्याने होत नाही, दरबाऱ्यांच्या वागण्याने होतो. त्यासाठी ऐकणे आले पाहिजे. पुष्कळ नट समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहत उभे असतात, क्यू मिळाला की आपले बोलतात. समोरच्याने आज वाक्य वेगळ्या पट्टीत टाकले तरी यांचे उत्तर कालचेच. सॅनफर्ड माइसनर या अमेरिकी शिक्षकाने ऐकण्याच्या सरावावर आपली सारी शिकवण उभारली: दोन नट एकच वाक्य एकमेकांना परत परत म्हणत राहतात, आणि समोरच्यात जे बदलले असेल तेवढेच आपल्यात बदलू देतात. नाटकाला गेलेल्या प्रेक्षकानेही एकदा बोलणाऱ्या नटाऐवजी ऐकणाऱ्याकडे पाहून घ्यावे. कोणाची भूमिका किती पक्की आहे ते तेथे उघडे पडते.

येथवरचे विवेचन वास्तववादी नाटकाला धरून झाले, म्हणून खरे वाटणारे पात्र म्हणजे वास्तववादी पात्र असे कोणी समजू नये. 1972 च्या डिसेंबरात पुण्यात आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचाच पडदा होता, गाणे-नाचणे होते आणि जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात डॉ. मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस लयीत, ठेक्यात वावरत असे. असा नाना कोणत्याही वाड्यात कधी चालला नसेल. तरी त्याची वासना आणि त्याचे राजकारण प्रेक्षकाला क्षणभरही खोटे वाटले नाही, कारण नाचतानाही नानाला काय हवे आहे हे स्पष्ट होते. जर्मन नाटककार ब्रेख्तला प्रेक्षकाने पात्रात विरघळून जाणे नको होते. नटाने पात्राकडे थोडे लांबून बोट दाखवावे असे त्याचे म्हणणे. पण ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो माणूस आधी नीट घडवलेला असावा लागतो. ते काम ब्रेख्तनेही टाळायला सांगितलेले नाही.

शेवटचा प्रश्न उभी केलेली भूमिका टिकवण्याचा. मराठी नाटकवाल्यांच्या बोलीत नट भूमिकेचे ‘बेअरिंग’ पकडतो आणि कधी ते सुटते. सुटण्याची कारणे ठरलेली आहेत. विंगेत मोबाइल पाहत बसलेला नट धावत एन्ट्री घेतो आणि पहिली दोन मिनिटे स्वतःच असतो. एखाद्या जागी अवचित हशा येतो, दुसऱ्या दिवशी नट तो मुद्दाम मागतो, आणि महिन्याभरात त्या वाक्यामागचा हेतू जाऊन फक्त हशा उरतो. पदरच्या वाक्यांच्या ‘ॲडिशन’ वाढत जातात. प्रयोग वीस मिनिटांनी लांबतो आणि पात्र तेवढेच पातळ होते. यावर उपाय जुनाच आहे: अधूनमधून संहिता पुन्हा पहिल्या पानापासून वाचणे, आणि प्रत्येक एन्ट्रीपूर्वी पात्र कुठून आले आणि कशासाठी आले एवढे स्वतःला विचारून घेणे. ठरलेल्या हालचाली बदलायच्या नाहीत, त्यामागची गरज मात्र रोज ताजी करायची.

हौशी नटाच्या वाट्याला नेमका हा भाग येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा संघ दीड-दोन महिने तालमी करतो आणि प्राथमिक फेरीत त्याचा एक प्रयोग होतो. अंतिम फेरीत पोचला तर आणखी एक. बाकीच्यांचे नाटक तेथेच संपते. भूमिका प्रेक्षकांसमोर पिकायला चार-दोन तरी प्रयोग लागतात, आणि ते मिळण्याआधीच सामान आवरले जाते. तेव्हा स्पर्धा झाल्यावर त्याच गावात, शाळेच्या सभागृहात का होईना, गावकऱ्यांनी आणि संस्थांनी या मंडळींना पुन्हा उभे राहू द्यावे. दहा-बारा खुर्च्या जरी भरल्या तरी प्रयोग होतो.